काकूंच्या अंगणातलं वांझ झाड

टपालकाकूंच्या फाटकाबाहेर सकाळी सातलाच रांग लागलेली असायची. रांग बायकांची. रांगेच्या कडेला, आपण सहज इथून चाललो होतो असा चेहरा करून उभे असलेले त्यांचे नवरे. आणि आत अंगणात ते झाड. पानं बहुतेक गळून गेलेली, उघड्या फांद्यांवर लाल फळांचे लांबच लांब घोस लोंबत असलेले, द्राक्षांसारखे. एकेक फळ वाटाण्याएवढं. ऊन वर आलं की अख्खं झाड पेटल्यासारखं दिसायचं. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मीही दुकानाची चावी हातात घेऊन पाच मिनिटं तशीच उभी राहिले.

झाडाखाली खुर्ची, खुर्चीत वृक्षबाबा. पांढरा सदरा, छातीवर रुळणारी दाढी, आवाज मधात बुडवून काढलेला.

"मी काही करत नाही हो," ते म्हणायचे. "मी फक्त टपालवाला. वरून आलेलं खाली पोचवतो."

हे वाक्य नेमकं टपालकाकूंच्या अंगणात! काकूंची अख्खी नोकरी टपाल कचेरीच्या खिडकीमागे गेलेली, म्हणून तर त्यांना टपालकाकू म्हणायचे. बाबांचं ते बोलणं ऐकून त्यांचे डोळे भरून यायचे.

झाडाची गोष्ट अशी. काकूंच्या यजमानांनी अठरा वर्षांपूर्वी ते कुठल्याशा रोपवाटिकेतून आणून लावलं. यजमान गेले, चिठ्ठी हरवली, झाडाचं नाव कुणालाच ठाऊक नाही. पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराची मोठी पानं, लांब लालसर देठ, सावली दाट. दर वर्षी पिवळसर फुलांचा बहर यायचा, वास सुटायचा, माश्या घोंगावायच्या, पण फळ म्हणून एक धरायचं नाही. गल्लीने त्याचं नाव ठेवलं होतं, वांझ झाड. काकूंना ते आवडायचं नाही. त्यांनाही मूल नव्हतं.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर, झाड फुलावर असताना, एक दाढीवाला माणूस पाणी मागायला फाटकाशी आला. पाणी प्यायला, झाडापाशी गेला, खोडावर हात ठेवून डोळे मिटले आणि म्हणाला, "बाई, हिची कूस उघडली. पानं गळायच्या आत ही फळेल."

आणि ती फळली! मग काय विचारता. अठरा वर्षांच्या वांझ झाडाला ज्याने फळवलं, त्याला माणसाची काय कथा? पाहता पाहता गल्लीतल्या, मग गावातल्या, मग दुसऱ्या गावांतल्या बायका येऊ लागल्या. उपाय सोपा. पहाटे अनशापोटी सात फळं, चाळीस दिवस. पाकिटात इच्छेनुसार सेवा. आणि एक पथ्य.

"या चाळीस दिवसांत दुसरं औषध पोटात जाता कामा नये," बाबा बोट वर करून सांगायचे. "झाड मानी आहे. सवत सहन करत नाही."

माझं औषधांचं दुकान आहे. काउंटरमागे वीस वर्षं काढली की माणसाला संशयाची सवय लागते. गोड बोलून झोपेच्या गोळ्या मागणारा, जुन्याच चिठ्ठीवर तारीख खोडणारा, सगळे ओळखू येतात. मला वृक्षबाबांचा संशय आला तो मात्र त्यांच्या बोलण्यावरून नाही, न आलेल्या गिऱ्हाइकांवरून. कोपऱ्यावरच्या शिंपिणीची रक्तदाबाची गोळी पंधरवड्यापूर्वीच संपायला हवी होती. शाळेच्या कारकूनबाईंचं इन्शुलिन माझ्याच फ्रीजमध्ये पडून होतं. विचारलं तर दोघींनी नजर चुकवली.

"नंतर नेईन ताई, सध्या आहे शिल्लक."

शिल्लक कसली? मीच दिलेली, मला माहीत नाही?

आणि माझ्याच घरात काय चाललंय, ते मला सगळ्यात शेवटी कळलं.

आम्ही दुकानाच्या वरच राहतो. मी, माझा नवरा, सासूबाई, धाकटा दीर आणि माझी जाऊ. तिला सगळे धाकटीच म्हणतात. लग्नाला सहा वर्षं झालेली, मूल नाही. चष्म्याच्या दुकानात ती काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. हात असा स्थिर, की मालक अवघड कामं तिच्यासाठी राखून ठेवायचा. तिला थायरॉईडचा त्रास, रोज सकाळी एक गोळी. गोळी मीच आणून तिच्या खणात ठेवायची.

काही दिवस ती मला वेगळी दिसत होती. चेहरा सुजल्यासारखा. सगळ्यांना उकडायचं तेव्हा ही शाल घेऊन बसायची. बोलताना शब्द जड. मी विचारलं, तर सासूबाईच मध्ये बोलल्या, "कामाने दमते गं ती. तू प्रत्येकात रोगच शोधतेस."

मग एक दिवस दुपारी चष्मेवाल्याचा फोन आला. "वहिनी, ताबडतोब या. ताई स्टुलावरून पडल्या."

धावत गेले. धाकटी जमिनीवर बसलेली, कपाळाला खोक, हात बर्फासारखे गार. नाडी पाहिली, ती सावकाश, कंटाळल्यासारखी चाललेली. शेजारी एका काचेचे दोन तुकडे. ती त्या तुकड्यांकडेच बघत होती.

"कधीच फुटली नव्हती माझ्या हातून," ती म्हणाली.

डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "गोळी कधीपासून बंद आहे?"

घरी येऊन खण उघडला. गोळ्यांची पाकिटं जशी दिली तशीच. त्यामागे एका डबीत लाल फळं.

"एकोणतीस दिवस झाले," सासूबाई पलंगाच्या कडेवर बसत म्हणाल्या. आवाज पडलेला, पण हट्ट सुटला नव्हता. "अकराच राहिलेत गं. एवढं केलं, आता अकरा दिवसांसाठी घालवायचं?"

"आई, आणखी अकरा दिवसांनी ही काय होऊन बसली असती, ते डॉक्टरांना विचारा."

"मला नातवंड हवंय हा काय गुन्हा आहे?"

"नाही. पण ते हिच्या जिवावर?"

सासूबाई रडायला लागल्या. धाकटीने त्यांचा हात धरला आणि मला म्हणाली, "वहिनी, आईंनी बळजबरी नाही केली. मीच गेले. शिकलेली आहे मी, गोळी बंद करू नये हे मला कळत होतं. पण सहा वर्षांत जो भेटेल तो विचारायचा, तुझ्यात काय कमी आहे? त्या रांगेत कुणी विचारलं नाही. तिथे सगळ्या माझ्यासारख्याच होत्या."

मी गोळी तिच्या हातावर ठेवली, पाणी दिलं. तिचं औषध पुन्हा सुरू झालं. पण रांग तर दुसऱ्या दिवशीही लागणार होती, आणि 'बाबा खोटा आहे' असं नुसतं म्हणून रांगा मोडत नसतात. लोक मला विचारणारच होते, मग झाडाला फळ कसं आलं? त्याचं उत्तर माझ्याकडेही नव्हतं.

म्हणून मी काकूंच्या भिंतीबाहेर आलेली एक डहाळी तोडली, दोन पानं, एक घोस, आणि गेले बेडूकबाईंकडे. बेडूकबाई म्हणजे मुलींच्या शाळेतल्या जीवशास्त्राच्या निवृत्त बाई. तीस वर्षं मुलींना बेडूक चिरायला शिकवला, त्याचं हे बक्षीस. नाव त्यांच्या तोंडावरही घेतात, त्या हसतात.

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला, फळ ब्लेडने कापलं. आत बारीक बारीक बिया. एक फळ जिभेला लावून थुंकलं. "कडू." मग पानाचा देठ भिंगाखाली धरून बराच वेळ पाहिला.

"कसलं झाड आहे बाई?"

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या.

मी हिरमुसले. त्या म्हणाल्या, "अगं, माहीत नाही म्हणून तर शोधायचं. देठावर बघ, तिळाएवढ्या दोन गाठी आहेत. प्रत्येक पानाला आहेत. झाडाने दिलेला पत्ताच हा. दोन दिवस दे मला."

दोन दिवसांनी बाई स्वतःच दुकानात आल्या. काउंटरवर एक जाडजूड पुस्तक आपटलं आणि चित्रावर बोट ठेवलं. बदामी पानं, लाल देठ, लोंबते घोस. हुबेहूब काकूंचं झाड.

"इडेसिया. पूर्वेकडच्या डोंगराळ देशांतलं. लोक शोभेसाठी बागेत लावतात. आता खालची ओळ वाच."

मी वाचली. या जातीत बहुधा नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. फळं फक्त मादीला, आणि तीही जवळपास नर फुलला असेल तरच.

"म्हणजे काकूंचं झाड..."

"मादी. वांझबिंझ काही नाही. अठरा वर्षं एकटी होती बिचारी, इतकंच. पराग आणणार कोण? यंदा कुठून तरी आले."

"म्हणजे जवळच कुठेतरी नर आहे?"

"माशी उडत जाईल एवढ्या अंतरावर," बाई म्हणाल्या. "दुकान बंद कर. चल."

दोन बायका दुपारच्या वेळी लोकांच्या कुंपणांवरून माना उंचावून बघत चालल्यात, हे दृश्य कसं दिसलं असेल ते विचारू नका. एका घरातून कुत्रं सोडलं आमच्यावर. एकाने विचारलं, "काय हरवलं?" बाई म्हणाल्या, "नवरा." तो माणूस घाईघाईने आत गेला.

मागच्या गल्लीत दातांच्या दवाखान्याच्या आवारात, पायऱ्यांच्या बाजूला, बाईंना हवं ते सापडलं. खाली पडलेलं बदामी पान. लाल देठ. देठावर दोन गाठी. वर मान केली, तर झाड काकूंच्या झाडापेक्षा लहान, आणि एकही फळ नाही.

दातांची डॉक्टरीण हात पुसत बाहेर आली. बाईंनी झाडाबद्दल विचारलं.

"हे होय? तीन वर्षांपूर्वी दवाखाना बांधला तेव्हा लावून घेतलं. मी मुद्दाम बिनफळाचं मागितलं. नाहीतर पायरीवर फळं सडायची, पेशंट घसरायचे, मोडलेली हाडं मला जोडता येत नाहीत." तिने खोडामागची पत्र्याची पट्टी दाखवली. रोपवाटिकेचा शिक्का, आणि खाली एकच अक्षरजोडी : नर.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, "याला फुलं कधी आली?"

"पहिल्यांदा याच वर्षी. थांबा, फोटो आहे." फोनमध्ये फोटो होता. अख्खं झाड फुललेलं, खाली तारीख. काकूंचं झाड फुलावर होतं तेच दिवस.

मला वाटलं, कोडं सुटलं. पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. झाडाला फळ कसं आलं हे कळलं, पण ते येणार हे बाबाला आधी कसं कळलं? फळ धरलेलंही नव्हतं तेव्हा तो फाटकाशी आला होता.

"डॉक्टर, हे झाड लावलं कुणी?"

"रोपवाटिकेचा माणूस होता एक. अखंड बडबड्या. खड्डा खणताना कुदळीचा दांडा उसळून त्याच्या तोंडावर बसला, सुळा तुटला, मीच बांधून दिला. दर वर्षी छाटणीला यायचा. यंदा कळ्या धरल्या तेव्हा आला, झाड बघून खूश झाला. म्हणतो कसा, 'डॉक्टरीणबाई, पलीकडच्या गल्लीत याची बायको आहे. आता बघा गंमत.' नंतर नाही आला."

मी विचारलं, "दिसायला कसा होता?"

"चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत हो," डॉक्टरीण म्हणाली. "पण तोंड उघडलं तर शंभर माणसांत ओळखीन."

रविवारी सकाळी रांग नेहमीपेक्षा लांब होती. त्या रांगेत पाचव्या नंबरवर दातांची डॉक्टरीण उभी राहिली. मी, बेडूकबाई, सासूबाई आणि दीर बाजूला. धाकटी नको म्हणत असतानाही आली होती, शाल गुंडाळून.

बाबांचं निरूपण रंगात होतं. "ज्या झाडाला जगाने वांझ म्हटलं, त्याच्या कानात मी एक शब्द बोललो. एकच! आणि तिने काय केलं?"

"फळली!" रांग ओरडली.

"कानात बोललात?" बेडूकबाईंनी मोठ्याने विचारलं. "कान कुठल्या फांदीला आहे?"

दोन-चार जण हसले, बाकीच्यांनी डोळे वटारले. बाबा क्षमाशील हसले. "शंका हा रोग आहे, माय. त्यावरही हे फळ चालतं."

तेवढ्यात डॉक्टरीण पुढे झाली. खुर्चीसमोर उभी राहिली आणि रोज पन्नास वेळा म्हणते त्या स्वरात, शांतपणे म्हणाली, "आ करा."

आणि बाबांनी आ केला! त्या आवाजाला नाही म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय. चूक कळून तोंड मिटेपर्यंत तिने पाहायचं ते पाहून घेतलं होतं.

"वरचा डावा सुळा," ती सगळ्यांकडे वळून म्हणाली. "शेजारच्या दातांपेक्षा एक छटा पांढरा. तुम्हाला घाई होती म्हणून तसाच बसवला होता. कुदळ कुठे ठेवलीत? दाढी छान वाढलीय."

"कोण बाई ही? भ्रमिष्ट..." मधाचा आवाज कुठल्या कुठे गेला.

बेडूकबाई पुढे आल्या. त्यांनी एका हातात काकूंच्या झाडाचं पान धरलं, दुसऱ्या हातात दवाखान्याच्या झाडाचं, आणि रांगेतल्या पहिल्या बाईला म्हणाल्या, "तूच सांग, दोन्ही वेगळी आहेत की एक?" ती पानं हातोहात रांगेतून फिरली. मग फोटो फिरला. मग बाईंनी वर्गात सांगावं तसं सांगितलं. हे झाड मादी, ते नर. ते यंदा पहिल्यांदा फुललं. माश्यांनी तिकडचे पराग इकडे आणले. फळ धरलं. "हा माणूस रोपवाटिकेत कामाला होता. ते झाड यानेच लावलं, त्याच्या कळ्या यानेच पाहिल्या. पलीकडच्या गल्लीतली ही मादी याला ठाऊक होती. फळ येणार हे याला कळलं, कारण याला बागकाम येतं. तेवढं एकच याला खरं येतं. पाहिजे तर मागच्या गल्लीत जाऊन पट्टी वाचून या."

काही जणी खरंच गेल्या. त्या परत येईपर्यंत बाबांनी दोनदा उठायचा प्रयत्न केला, पण फाटकात शिंपीण उभी होती, आणि ती काही लहानखुरी नाही.

"खरंय," गेलेल्यांतली एक धापा टाकत परत आली. "नर असं लिहिलंय."

मग जो गलका उठला! पाकिटं ज्याची त्याला परत गेली. बाबाला पोलीस चौकीत नेलं ते शिंपिणीने आणि कारकूनबाईंनी, आणि तक्रारीवर सह्या एकवीस. काकू पायरीवर बसून होत्या. मी जवळ गेले तर म्हणाल्या, "एकटं होतं गं ते नुसतं. आणि मी ऐकून घेत राहिले, लोक वांझ म्हणायचे ते."

गर्दीत कुणीतरी चेकाळून ओरडलं, "म्हणजे दोष नराचाच असतो तर!" बायका हसल्या. कडेचे नवरे चुळबुळले. माझा दीर खाली बघायला लागला.

"थांबा," बेडूकबाई कडाडल्या. "झाडावरून माणसाचं निदान करायचं नसतं. हा बाबा इतके दिवस तेच करत होता. तुम्हीही तेच करणार असाल तर उपयोग काय झाला? झाडाचं झाडापाशी. माणसाची तपासणी दवाखान्यात, आणि ती दोघांची."

घरी जाताना दीर मागे रेंगाळत चालला होता. जिन्याशी आल्यावर धाकटी थांबली. "सहा वर्षांत मी अकरा वेळा रक्त दिलंय," ती त्याला म्हणाली. आवाज चढवला नाही. "तू एकदा येशील?"

दीर म्हणाला, "मला भीती वाटत होती. उद्या जाऊ."

तपासणीत त्याचंही थोडं उणं निघालं आणि हिचंही, थायरॉईडचं. दोघांवर उपचार चालू आहेत. मूल होईल का? डॉक्टर म्हणाले, शक्यता चांगली आहे, खात्री देता येत नाही. धाकटी पुन्हा कामावर जाते. चेहऱ्याची सूज उतरली, हात पुन्हा स्थिर झाले.

परवा सासूबाई माझ्या काउंटरशी येऊन बसल्या. म्हणाल्या, "एक विचारू? बाबा कसा नक्की सांगायचा, होणारच म्हणून. तुमचे डॉक्टर एवढे शिकलेले, ते नक्की का सांगत नाहीत?"

"म्हणूनच आई," मी म्हणाले. "बेडूकबाईंना झाडाचं नाव विचारलं, तेव्हा त्या आधी म्हणाल्या, मला माहीत नाही. मग शोधलं. ज्याला खरं कळतं, तो आपल्याला काय कळत नाही तेही सांगतो."

त्यांना ते किती पटलं, कोण जाणे. पण त्यांनी पदराआडून एक चिठ्ठी काढली, आपल्याच गुडघ्यांच्या औषधाची. तीन महिन्यांपूर्वीची. त्यांनीही बंद केलं होतं म्हणे, सुनेला सोबत म्हणून.

तेव्हा वाचकहो, एवढंच सांगते. कुणी नक्की म्हणून सांगितलं की विचारा, कशावरून? विचारल्याबद्दल जो रागावेल, त्याच्यापासून दूर व्हा. आणि चालू असलेली गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका, मग सांगणारा कितीही गोड बोलो.